किंग्ज पार्कमधली "नुसती झुडपं"

पर्थला कोणी पाहुणे आले की त्यांना किंग्ज पार्कला न्यायचं हे ठरलेलंच असतं, आणि तिथे काय दाखवायचं तेही ठरलेलं असतं. फ्रेझर अव्हेन्यूवरून गाडी आत घ्यायची, दोन्ही बाजूंच्या त्या पांढऱ्या बुंध्यांच्या उंच झाडांचं कौतुक करायचं, वॉर मेमोरियलपाशी उभं राहून खाली स्वान नदी आणि पलीकडे शहराच्या उंच बिल्डिंगा असा फोटो काढायचा, मग बोआबचं ते जाडजूड झाड, मग काचेचा पूल, मग कॉफी आणि चला घरी. दीड-दोन तासांत किंग्ज पार्क "झालं". कोणी विचारलंच की तिकडे पुढे काय आहे, तर उत्तर तयार असतं, काही नाही हो, नुसती झुडपं आहेत.

मला ह्या नुसत्या झुडपांबद्दलच लिहायचंय. पार्क आहे ४०० हेक्टरच्या थोडं वर, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ३४१ हेक्टर आहे, म्हणजे त्याच्याहून मोठं, आणि ह्यातला दोन तृतीयांश भाग बुशलँड, म्हणजे इथलं मूळचं जंगल. लॉन, बागा, रस्ते, मेमोरियल, कॅफे, टेनिस क्लब, मुलांची खेळायची ठिकाणं हे सगळं उरलेल्या एक तृतीयांशात बसलंय आणि आपण त्याच्याही एका कोपऱ्यातून फिरून येतो. माझं मत असं की ह्या शहराने गेल्या दीडशे वर्षांत जे काही शहाणपणाचं केलंय त्यात हे जंगल ऐन शहराच्या मधोमध राहू देणं फार वरच्या नंबरावर येतं, आणि तरी ते असंच राहील ह्याची गॅरंटी नाहीये, कारण ज्या जागेला लोक "काही नाही" म्हणतात तिथे काहीतरी बांधायला कोणाचाच हात अडखळत नाही.

तर "काही नाही" मध्ये काय काय आहे बघू. ३२४ प्रकारच्या स्थानिक वनस्पती, २१५ प्रकारच्या बुरशी, ८० प्रकारचे पक्षी. जमीन म्हणाल तर वाळू, जिच्यात पोषक द्रव्यं जवळपास नसतातच, आणि गंमत अशी की त्यामुळेच इथे एवढी विविधता आलीये, कारण अशा जमिनीत कुठलीच एक जात माजून बाकीच्यांना दाबून टाकू शकत नाही आणि प्रत्येकीला जगायची स्वतःची काहीतरी युक्ती शोधावी लागते. बँक्सिया हे इथलं स्थानिक झाड, त्याची मुळं बघा, पावसाळ्यात बारीक केसांसारख्या मुळांचे झुपके फुटतात आणि वाळूतला कणभर फॉस्फरस ओढून घेतात. डिसेंबरात भगव्या फुलांनी पेटल्यासारखं दिसणारं ते झाड असतं ना, ज्याला इथे ख्रिसमस ट्री म्हणतात, ते चक्क आजूबाजूच्या झाडांच्या मुळांतून पाणी चोरतं. बल्गा, म्हणजे काळ्या बुंध्यावर गवताचा केशसंभार असलेलं ते झाड, आग लागून गेल्यावर जास्त जोमाने फुलतं. वर मारी, जारा, ट्युअर्ट, शीओक ही मोठी झाडं. मारीची ती लाकडी टणक फळं, ज्यांना इथली पोरं हाँकी नट म्हणतात, ती कुरतडून फोडायला कार्नबीचे काळे कोकाटू, म्हणजे काकाकुवा, येतात, पांढऱ्या शेपटीचे, आणि ते लुप्त होण्याच्या धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहेत. म्हणजे एवढा दुर्मिळ पक्षी शहरातल्या ऑफिसांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बसून नाश्ता करतोय आणि आपण पार्किंग शोधतोय.

आणि हे दुर्मिळपण नुसतं पक्ष्याचं नाही, आख्ख्या जंगलाचंच आहे. स्वान कोस्टल प्लेनवरचं बँक्सियाचं जंगल २०१६ साली केंद्र सरकारच्या कायद्याखाली धोक्यात आलेला परिसंस्था-समूह म्हणून जाहीर झालं. कारण उघड आहे, पर्थ शहर समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला आणि दक्षिणेला लांबत लांबत गेलंय आणि प्रत्येक नवीन सबर्ब ह्याच वाळूवर, हेच जंगल उतरवून उभा राहिलाय. आपल्यातल्या बऱ्याच जणांची घरं अशाच सबर्बांत आहेत, माझंही त्यात आलं, त्यामुळे मी इथे कोणाला नैतिक डोस पाजायला बसले नाहीये. पण बाहेर जे संपत चाललंय ते आत शिल्लक आहे एवढी गोष्ट तरी डोक्यात पाहिजे.

लोकांना हे जंगल आवडत नाही त्याचं एक कारण मला कळतं. ते पटकन दिसत नाही. फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, गेलात तर सगळं करडं, धुळकट, पायाखाली साली आणि वाळकी पानं, सावली विरळ, वर कावळे ओरडतायत. जंगल म्हटल्यावर डोळ्यांसमोर हिरवंगार दाट काहीतरी येतं, तसं इथे काहीही नाही. पण नूंगर लोक, म्हणजे ह्या भागातले मूळनिवासी, वर्षाचे सहा ऋतू मानतात, बिराक, बुनुरु, जेरान, मकुरु, जिल्बा, कंबारांग, आणि त्या हिशोबाने चाललं तर हे जंगल वर्षभर काही ना काही करत असतं. एक बँक्सिया थंडीच्या तोंडावर फुलते, दुसरी वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणजे मध खाणाऱ्या पक्ष्यांना बहुतेक महिने काहीतरी मिळतं. जिल्बा ते कंबारांग म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर, ह्या काळात जमिनीलगत ऑर्किड, कांगारू पॉची लाल-हिरवी फुलं, जांभळ्या वेली, आणि ते पण कोणी न लावता. आपण चार ऋतूंचं युरोपियन कॅलेंडर घेऊन इथे येतो आणि मग म्हणतो की इथे काही होत नाही.

आता कोणी म्हणेल की बागेला कशाला नावं ठेवता. नाही ठेवत. इथली बोटॅनिक गार्डन १९६५ साली सुरू झाली, १७ हेक्टरची आहे, तीन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची झाडं हाच तिचा विषय ठेवलाय, गुलाब-ट्युलिपच्या मागे लागले नाहीत, हे मला फार आवडतं. ह्या राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात सुमारे आठ हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत, ते सगळं बघायला माणूस किती फिरणार, तर बाग हवीच. माझी तक्रार बघण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बोआबचंच घ्या. ते झाड २००८ साली राज्याच्या उत्तर टोकाच्या किंबर्लीतून, वॉर्मनजवळून, हायवेच्या पुलाच्या कामात आडवं येत होतं म्हणून उचलून ३२०० किलोमीटर ट्रकवरून आणलं, ३६ टन वजन, वय अंदाजे ७५० वर्षं, तिथल्या मूळनिवासी गिजा लोकांनी ते भेट म्हणून दिलं. गोष्ट जबरदस्त आहे, झाडही जबरदस्त आहे, फोटो काढावाच. पण फ्रेझर अव्हेन्यूवरची ती लिंबाच्या वासाची गम झाडं मूळची क्वीन्सलँडकडची, बोआब किंबर्लीचं, आणि दोन्हीकडे माना वर करून बघणारे आपण, तिथेच मागे स्वतःहून उगवलेली, कोणी न आणलेली मारी उभी असते तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जे आणलं त्याचा बोर्ड मोठा आणि जे आधीपासून आहे ते बॅकग्राऊंड, असं होऊन बसलंय.

हे जंगल वाचलं कसं ह्याचा इतिहास थोडा वाकडातिकडा आहे. ही टेकडी वाजुक नूंगर लोकांची, तिचं नाव कार्टा गारप, वसाहतवाल्यांनी माउंट एलायझा म्हणायला सुरुवात केली. १८२९ नंतर सुरुवातीच्या काळात इथलं लाकूड कापलं गेलं, त्यामुळे आज दिसणारं जंगल म्हणजे कुणाचा हातच न लागलेलं वगैरे अजिबात नाही. १८७१ मध्ये सर्व्हेअर-जनरल माल्कम फ्रेझरने सुमारे १७५ हेक्टर जागा राखून ठेवायला लावली, १८९० मध्ये राज्याचा पहिला प्रीमियर जॉन फॉरेस्टने ती वाढवून आताच्या आकाराच्या आसपास नेली, १८९५ ला पर्थ पार्क म्हणून उघडलं आणि १९०१ मध्ये एडवर्ड सातवा गादीवर आला म्हणून किंग्ज पार्क झालं. ज्यांची टेकडी त्यांना कोणी विचारलं नाही हे वेगळं सांगायला नको. पण एक मान्य करायला लागतं, की त्या वेळी पर्थ म्हणजे अगदी छोटं गाव होतं, जमिनीची कमतरता नावालाही नव्हती, आणि तरी एवढी मोठी जागा बाजूला काढली गेली. आज कोणत्याही सरकारला शहराच्या मध्यात ४०० हेक्टर मोकळे ठेवा म्हणून सांगून बघा.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे "थोडीशीच जागा" मागणाऱ्यांचा इतिहास. १९६२ ला पर्थमध्ये एम्पायर अँड कॉमनवेल्थ गेम्स होणार होत्या, त्यासाठी स्विमिंगचं मोठं सेंटर किंग्ज पार्कमध्ये बांधायचा बेत होता. त्यावरून जोरदार वाद झाला, प्रस्ताव राज्याच्या संसदेत टिकला नाही, आणि सेंटर शेवटी बीटी पार्कला झालं, जे आजही चालू आहे आणि लोक तिथे मजेत पोहतायत. म्हणजे पोहणाऱ्यांचं काही नुकसान झालं नाही. नदीकाठच्या नव्या विकासाच्या प्लॅनमध्ये वर पार्कपर्यंत केबल कार दाखवली होती, ती झाली नाही, पण असल्या कल्पना मरत नाहीत, दर काही वर्षांनी नवीन कपडे घालून येतात. पार्क क्लास ए रिझर्व्ह आहे, म्हणजे त्याची जागा काढून घ्यायची तर संसदेची मंजुरी लागते, हे संरक्षण चांगलं भक्कम आहे, पण संसदेतली माणसं शेवटी लोकांकडे बघूनच मत देतात आणि लोकांनी जर फक्त लॉन आणि लूकआऊट पाहिलं असेल तर बाकीच्यासाठी भांडणार कोण.

बरं ह्या थोड्याशा जागेचं गणित वाटतं तसं नसतं. जंगलातून एक हेक्टर काढला तर नुकसान एका हेक्टरचं होत नाही. नवीन कडा तयार होते, कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, माणसांच्या बुटांना आणि गाड्यांच्या टायरला चिकटून तणाचं बी येतं. डायबॅक नावाचा जो रोग ह्या राज्याच्या दक्षिण भागात बँक्सिया आणि जारा मारत सुटलाय तोसुद्धा चिखल-मातीबरोबरच पसरतो. म्हणून चार छोटे तुकडे तोडून वापरले तर उरलेलं जंगल नकाशावर तेवढंच मोठं दिसतं आणि प्रत्यक्षात आतून पोकळ होत जातं. नकाशा बघून निर्णय घेणाऱ्यांना हे दिसत नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. निसर्गप्रेमी मंडळींमध्ये एक लाडकं वाक्य असतं, निसर्गाला त्याच्यावरच सोडून द्या, तो बघून घेईल. किंग्ज पार्कच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. सोडून दिलं तर पाच-दहा वर्षांत काय होईल ते मी सांगते, वेल्ड ग्रास होईल. हे दक्षिण आफ्रिकेतून आलेलं गवत, हिवाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात वाळून कोळ होतं, आगीला आयतं खाद्य, आणि आग लागून गेली की स्थानिक रोपं डोकं वर काढायच्या आत हेच पुन्हा उगवून जागा अडवतं, मग पुढची आग अजून लवकर. १९८९ च्या जानेवारीत इथे मोठी आग लागून बुशलँडचा बराच भाग जळला होता. नूंगर लोक हजारो वर्षं आग वापरत आले, पण ती थंड, छोटी, ठरवून लावलेली आग, कधी आणि कुठे ह्याचं ज्ञान असलेली. भर उन्हाळ्यात गवतावरून धावणारी आग आणि ती आग ह्यांच्यात नातं एवढंच की दोन्हीत धूर होतो. म्हणजे ज्याला आपण नैसर्गिक म्हणतो ते जंगल माणसांच्या हातूनच इतकी वर्षं सांभाळलं गेलं होतं, ते हात बाजूला केले आणि आता विचारतोय की जंगल स्वतःचं स्वतः का बघत नाही!

तेव्हा बुशलँड राखणं म्हणजे काम आहे, कंटाळवाणं, कधीच न संपणारं काम. तण काढा, बी गोळा करा, रोपं लावा, पुढच्या वर्षी पुन्हा या. ह्यातलं बरंच काम व्हॉलंटियर करतात. आणि ह्या कामाचा प्रॉब्लेम असा की त्याचं उद्घाटन होत नाही. पुलाची फीत कापता येते, उपटलेल्या गवताची कशी कापणार. फेडरेशन वॉकवेचा तो काचेचा आणि स्टीलचा कमानदार पूल २००३ साली झाला, छान आहे, झाडांच्या शेंड्यांतून चालताना मलाही मस्त वाटतं, पण असं काही बांधायचं म्हटलं की पैसे सापडतात आणि तणासाठी मात्र "बघू", ही सरकारी पैशाची सगळीकडचीच खोड आहे.

आणि बाग विरुद्ध जंगल असा हिशोब मांडणाऱ्यांनी धुराची गोष्ट लक्षात ठेवावी. इथल्या कितीतरी रानफुलांचं बी नर्सरीत काही केल्या उगवायचं नाही. पाणी द्या, ऊन द्या, सावली द्या, नाही म्हणजे नाही. आग लागलेल्या जंगलात मात्र तेच बी भराभर उगवतं, ते पण नुसत्या उष्णतेने नाही, धुराने. त्या धुरातलं नेमकं कुठलं रसायन हे काम करतं ते २००४ साली पर्थच्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, त्यात किंग्ज पार्कचे लोक होते, युनिव्हर्सिटीचे होते, आणि त्या रसायनाच्या कुटुंबाला आता जगभर कॅरिकिन म्हणतात. आज खाणीच्या जमिनीवर पुन्हा जंगल उभं करायचं असो की बागेत दुर्मिळ झुडूप लावायचं असो, हे ज्ञान कामाला येतं. जळलेल्या जंगलात काय उगवतंय हे कोणीतरी वाकून बघितलं म्हणून बागेतले वाफे भरले.

आता विरोधातले मुद्दे, जे मला खरंच पटतात ते. पहिला आगीचा. पार्कला लागून अपार्टमेंट आहेत, पलीकडे मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर टेंपरेचर आणि पूर्वेचा वारा असेल तर भीती खोटी नाही. पण त्याचं उत्तर फायरब्रेक, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, नीट ठेवणं, वेल्ड ग्रास कमी करणं आणि जाणकारांच्या हातून योग्य वेळी छोट्या आगी लावणं हे आहे. झाडं कापून लॉन केलं की प्रश्न सुटला असं वाटतं खरं, पण लॉनला पाणी लागतं, आणि ह्या भागात मे ते जुलैचा पाऊस १९७० नंतर सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झालाय. बुशलँडला नळ लागत नाही.

दुसरा मुद्दा वयस्कर माणसांचा आणि व्हीलचेअरचा, आणि इथे माझ्याकडे तेवढं सोपं उत्तर नाही. वाळूच्या पायवाटेवर गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना चालवत नेणं म्हणजे छळच. सगळ्या वाटा पक्क्या करा म्हटलं तर जंगलाची वाट लागणार आणि एकही करू नका म्हटलं तर हे जंगल फक्त धडधाकट लोकांसाठी राहणार. मला वाटतं आहेत त्यातल्या एक-दोन वाटा, कडेच्या, चांगल्या सपाट करून बाकं टाकावीत आणि बाकीच्यांना हात लावू नये. ह्यावर माझ्याशी वाद घालणारे दोन्ही बाजूंनी भेटतात, म्हणजे बहुतेक मी मधोमध उभी आहे.

सापांचं म्हणाल तर असतात, ड्युगाइट विषारीच असतो, पण वाटेवरून चाललं, बंद बूट घातले, जमिनीकडे बघत गेलं तर तो आपल्याआधी पळतो. खरं तर ह्या भीतीवर चांगला इलाज पार्कनेच काढलाय, मुलांसाठी २०११ मध्ये नेचरस्केप केलं, घसरगुंडी-झोपाळे सोडून दगड, पाणी, काठ्या आणि चिखल. पहिल्यांदा नेलं की आपल्याकडची मंडळी कपडे मळतील म्हणून ओरडतात आणि नंतर मुलं निघायला तयार नसतात. भर उन्हाळ्यात काही काळ ते बंद ठेवतात, आणि लोक त्यावरही चिडतात, पण जागेलाही विश्रांती लागते हे मुलांना लहानपणीच कळलं तर बरंच आहे की.

तिसरा मुद्दा गाड्यांचा, आणि इथे मी अजिबात मवाळ होणार नाही. वर्षाला लाखोंनी लोक येतात, सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत तर पार्किंगसाठी चक्कर मारून मारून जीव जातो, आणि मग हमखास कोणीतरी म्हणतं की एवढी जागा पडलीये, अजून थोडं पार्किंग करायला काय जातंय. "पडलीये"! प्रवेश फुकट, दिवसरात्र उघडं, शहरातून ९३५ नंबरची बस थेट फ्रेझर अव्हेन्यूला येते, आणि ज्यांना दम आहे त्यांना जेकब्ज लॅडरच्या २४२ पायऱ्या आहेतच. अपंग, वयस्कर, लहान बाळांची आईबापं ह्यांना गाडी लागणार, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवा, बाकीच्यांनी फुलांच्या वीकेंडला बसने यावं. तो सबंध महिना पार्कमधला निदान एक रस्ता रविवारी गाड्यांना बंद ठेवायला काय हरकत आहे मला कळत नाही, ओरड होईल, दोन वर्षं होईल, नंतर लोक सायकली घेऊन येतील.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर लूकआऊटचा फोटो अवश्य काढा, मी कोण अडवणार. फक्त तासभर अजून हातात ठेवा. व्हॉलंटियर गाइड फुकट फिरवतात, त्यांच्याबरोबर बुशलँडमध्ये जाणारा वॉक निवडा, ही निवृत्त मंडळी एकेका झुडपापाशी थांबून इतकं बोलतात की शेवटी आपल्यालाच म्हणावं लागतं काका पुढे चला. कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधा, वाट सोडू नका, फूल तोडू नका, तो गुन्हा आहे. आणि परत आल्यावर कोणी विचारलं की तिकडे पुढे काय आहे, तर निदान एका झाडाचं नाव सांगा.